दोन हजार वर्षं जुनं संगीत, वय वर्षं पन्नास

परवा रात्री झोप लागेना म्हणून युट्यूब उघडलं, काहीतरी शांत लावून पडावं म्हटलं, तर समोर तीन तासांचा एक व्हिडिओ. धुकं, उभे दगड, झग्याची टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेला एक म्हातारा, आणि नाव काय तर दोन हजार वर्षांपूर्वीचं ड्रुइड संगीत (ड्रुइड म्हणजे ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्सकडच्या जुन्या केल्ट लोकांचे पुजारी). मी लावला. आणि आवडला पण, हे आधीच कबूल करून टाकते, नाहीतर पुढे मी जे काही लिहिणारे ते वाचून वाटेल की बाईला या संगीताचा राग आहे. राग नाहीये. गेली कित्येक वर्षं मी हेच ऐकतेय, केल्टिक देवदेवतांची गाणी, पेगन फोक (पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव मानणारे), हार्प, पाइप्स, सगळं. फक्त त्या 'दोन हजार वर्षं' वर मला दर वेळी हसू येतं.

(ते उभे दगड स्टोनहेंजचे होते. स्टोनहेंज उभं राहिलं तेव्हा ड्रुइड वगैरे कोणाच्या गावीही नव्हते, ते त्याआधीचं हजारो वर्षांचं काम आहे. पण असो, थंबनेल बनवणाऱ्याला पण पोट आहे.)

मुद्दा असा की त्या काळातल्या केल्ट लोकांच्या संगीताचा एक सूर, एकसुद्धा, लिहिलेला शिल्लक नाही. सीझरनेच लिहून ठेवलंय की गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे, ड्रुइड आपली विद्या मुद्दाम लिहीत नसत, सगळं पाठ करायचं, आणि काही जण त्यासाठी वीस-वीस वर्षं शिकत बसायचे. म्हणजे पाठांतर करणारे गेले की विद्या पण गेली. तर त्या व्हिडिओत जे वाजत होतं ते काय होतं? मी हेडफोन लावून नीट ऐकलं. एक टिन व्हिसल होती. ती परीकथेतली वाटते ना, पण ती टिनच्या पत्र्याची शिट्टी रॉबर्ट क्लार्क नावाच्या माणसाने १८४३ मध्ये बनवायला घेतली आणि मँचेस्टरला जाऊन तिचा कारखाना काढला, म्हणजे ही परी गिरण्यांच्या धुरात वाढलेली. मागे बुझुकी होती, ती ग्रीसची, आयरिश संगीतात ती जॉनी मॉयनिहॅनने १९६० च्या दशकात आणली आणि मग अँडी अर्व्हाइन, डोनल लनी वगैरे लोकांनी तिला इतकी आयरिश करून टाकली की आता तिच्याशिवाय बँड अर्धवट वाटतो. गिटार होती, आणि तिच्या तारा लावलेल्या होत्या डी-ए-डी-जी-ए-डी अशा, ज्याने तो एक लांबवर पसरलेला, ना आनंदी ना दुःखी असा आवाज येतो. ते ट्यूनिंग डेव्ही ग्रॅहमचं, मोरोक्कोत औद या अरबी तंतुवाद्याच्या वादकांबरोबर वाजवायला जमावं म्हणून त्याने शोधलेलं. तर मँचेस्टर, ग्रीस आणि मोरोक्को. ड्रुइड कुठे आहेत यात?

मग खरंच दोन हजार वर्षं जुना आवाज ऐकायचा असेल तर? एक आहे. आणि तो ऐकून कोणालाही झोप लागणार नाही. कार्निक्स नावाचं एक युद्धाचं शिंग होतं, पितळी, माणसाच्या डोक्याच्या वर सरळ उभं जाणारं, आणि टोकाला रानडुकराचं नाहीतर दुसऱ्या कुठल्या जनावराचं तोंड. स्कॉटलंडमध्ये डेस्कफर्डला साधारण १८१६ च्या सुमाराला त्याचं नुसतं डुकराचं मुंडकं सापडलं, नळी नव्हतीच. मग नळी कशी होती हे ठरवलं डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेल्या गुंडेस्ट्रुप कढईवरून, तिच्यावर तीन जण ते वाजवताना कोरलेत. त्या दोन्हींवरून नवं कार्निक्स बनवलं आणि १९९३ मध्ये जॉन केनी या ट्रॉम्बोनवाल्याने ते वाजवलं. नंतर २००४ मध्ये फ्रान्समध्ये तँतिन्याकला एका खड्ड्यात एकदम सात कार्निक्स सापडली. आवाज कसा म्हणाल तर आधी खोल, जमिनीतून आल्यासारखी गुरगुर आणि मग एकदम डोक्यावरून कोणी किंचाळत गेल्यासारखं. इ.स.पू. २२५ च्या तेलामोनच्या केल्ट-रोमन लढाईबद्दल पॉलिबिअस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की शिंगं आणि आरोळ्या मिळून असा कल्लोळ उठला की आजूबाजूचा मुलूखच ओरडतोय असं वाटावं. रोमन सैन्य घाबरलं होतं, आणि कार्निक्सचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर मला त्यांची बाजू पटते. 'केल्टिक रिलॅक्सेशन' च्या प्लेलिस्टमध्ये हे कोणी घालत नाही. आणि तेसुद्धा, वाद्य जुनं, वाजवलेलं काय ते मात्र आजच्या माणसाच्या मनातलं, कारण चाल कुणालाच माहीत नाही.

पण गोष्टी उरल्या. हे मला फार भारी वाटतं, की सूर गेले आणि सुरांबद्दलच्या गोष्टी राहिल्या, त्यासुद्धा ख्रिस्ती मठांतल्या लोकांनी उतरवून ठेवल्या म्हणून. त्यातली माझी सगळ्यात आवडती म्हणजे दाग्दाच्या हार्पची. आयर्लंडचे जुने देव, तुआहा दे दानन, यांची फोमोरी नावाच्या शत्रूंशी मॉय तुराला मोठी लढाई होते, देव जिंकतात, पण पळता पळता फोमोरी दाग्दाचा हार्पवाला आणि हार्प दोन्ही उचलून नेतात. आता दाग्दा म्हणजे काय, तर देवांमधला ढेरपोट्या, भला मोठा सोटा ओढत चालणारा, पातेलंभर खीर चापणारा देव, बघून कोणाला वाटणार नाही की याला सुरांचं काही कळतं. तर तो आणि लू, ओग्मा हे आणखी दोन देव असे तिघं मागावर जातात आणि शत्रूच्या जेवणाच्या दालनात घुसतात. हार्प भिंतीवर लटकतीये. कोणीही छेडली तरी वाजत नाही, कारण दाग्दाने तिच्यातले सूर बांधून ठेवलेत, तो हाक मारेपर्यंत ते बाहेर येणार नाहीत. तो तिला तिच्या दोन्ही नावांनी बोलावतो, ये उन्हाळ्या, ये हिवाळ्या असं काहीसं म्हणतो, आणि ती भिंतीवरून सुटते, वाटेत नऊ जणांना ठार मारते आणि त्याच्या हातात येऊन बसते. नऊ जणांना! हार्प! मग तो तीन गोष्टी वाजवतो. पहिल्यांदा रडवणारं, बायका रडायला लागतात. मग हसवणारं, बायकापोरं हसतात. मग झोपवणारं, अख्खं सैन्य घोरायला लागतं आणि हे तिघं दारातून आरामात चालत बाहेर.

वाजवण्याच्या या तीन प्रकारांना आयरिशमध्ये नावं आहेत, गोलत्री, गन्त्री, सुअनत्री. आणि ही नुसती पुराणातली नावं नाहीत, हार्पवाल्याला हे तिन्ही जमलंच पाहिजे अशी जुनी अपेक्षा होती. मला वाटतं पूर्ण केल्टिक पुराणात संगीताबद्दल जे म्हणायचंय ते या एका प्रसंगात आहे. संगीत सुंदर आहे वगैरे कोणी बोलतच नाही तिथे, संगीत काय करतं एवढंच सांगतात. आज जे 'केल्टिक' म्हणून विकलं जातं त्यात नव्वद टक्के नुसती सुअनत्री असते, झोपवणारं, आणि ते ऐकताना मला कायम ते घोरणारे फोमोरी आठवतात.

वेल्समध्ये पण अशीच एक गोष्ट आहे, माबिनोगी या तिथल्या जुन्या कथासंग्रहाच्या दुसऱ्या शाखेत, म्हणजे भागात. आयर्लंडच्या लढाईतून वेल्सचे फक्त सात जण जिवंत परत येतात, सोबत त्यांच्या राजाचं तोडलेलं डोकं, जे अजून गप्पा मारतंय, आणि हार्लेखला ते जेवायला बसतात तर रिअनन या जादुई राणीचे तीन पक्षी येऊन गायला लागतात. पक्षी समुद्रावर लांब कुठेतरी, पण आवाज अगदी जवळ असल्यासारखा स्पष्ट. आणि जेवण सात वर्षं चालतं. चांगल्या रेकॉर्डिंगची व्याख्या याहून बरी मला सांगता येणार नाही.

बरं, आता १७९२ साल. हे वर्ष माझ्या डोक्यात बसलंय कारण त्या एका उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या आणि आजचं सगळं केल्टिक-पेगन प्रकरण त्या दोघींचं मिळून झालेलं अपत्य आहे असं माझं मत आहे, कोणी मान्य करो न करो.

जून महिना, २१ तारीख, लंडनचा प्रिमरोज हिल. एडवर्ड विल्यम्स नावाचा वेल्सचा पाथरवट, स्वतःला योलो मोर्गानुग म्हणवून घेणारा, खडे मांडून वर्तुळ करतो आणि ड्रुइडांच्या काळापासून चालत आलेला म्हणून एक सोहळा घडवतो. तो चालत आलेला बिलत आलेला नव्हता. त्याने स्वतःच्या डोक्यातून काढला होता. माणूस विद्वान होता, जुनी हस्तलिखितं खरंच वाचलेला होता, चांगला कवी होता, आणि अफूच्या लॉडनमचं जबरदस्त व्यसन होतं, आणि जुन्या कवींच्या नावावर तो स्वतःच्या कविता खपवायचा, इतक्या बेमालूम की त्या वेगळ्या काढायला अभ्यासकांना शंभरावर वर्षं लागली. गंमत म्हणजे तो सोहळा टिकला. १८१९ पासून तो आइस्टेदव्होडला, म्हणजे वेल्सच्या काव्य-संगीताच्या महोत्सवाला, जोडला गेला आणि आजही तिथे झगे घालून लोक उभे राहतात, गाणी होतात, कवीला मान मिळतो.

आणि जुलै महिना, बेलफास्ट. तिथे उरलेसुरले हार्पवाले गोळा केले, दहा आयरिश आणि एक वेल्सचा, त्यातले बरेचसे आंधळे आणि म्हातारे, आणि ते काय वाजवतात ते उतरवून घ्यायला एक एकोणीस वर्षांचा पोरगा बसवला, एडवर्ड बंटिंग, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. त्यांच्यात डेनिस हेम्पसन होता, वय सत्त्याण्णव म्हणतात, आणि तारेची हार्प लांब नखांनी वाजवायची जुनी पद्धत त्या सगळ्यांत फक्त त्याच्याकडे उरली होती. त्याला जुन्या चाली वाजवायला सांगितल्या की तो कुरकुर करायचा. बंटिंगने पुढे आयुष्यभर हेच केलं, तीन संग्रह काढले, पण पियानोवाल्यांना वाजवता याव्यात म्हणून चाली थोड्या 'सुधारल्या' पण, म्हणजे तिथेही शुद्ध असं काही नाही.

तर एकीकडे योलो, ज्याने नसलेलं जुनं तयार केलं, आणि एकीकडे बंटिंग, ज्याने मरत असलेलं जुनं वाचवलं, मध्ये तीन आठवडे. आधी मी बंटिंगच्या पार्टीची होते. अर्थातच. पण जितकं ऐकत गेले तितका योलो पण आवडायला लागला, चोर आहे पण आपला चोर आहे असं काहीतरी.

त्या हार्पवाल्यांच्या आधीच्या पिढीतला मोठा माणूस म्हणजे टर्लो ओ'कॅरोलन, १६७० ते १७३८. अठराव्या वर्षी देवी येऊन दृष्टी गेली, एका बाईंनी, मिसेस मॅकडरमॉट रो, त्याला हार्प शिकायला ठेवलं, तीन वर्षांनी घोडा आणि वाटाड्या देऊन फिरायला पाठवलं. लीट्रिममध्ये एका जमीनदाराने त्याचं वाजवणं ऐकून सुचवलं म्हणतात की बाबा वाजवण्यापेक्षा तू चाली बांधून बघ, आणि जवळच्या दोन टेकड्यांवर तिथल्या शी लोकांच्या दोन टोळ्यांची लढाई झाली होती ती गोष्ट विषय म्हणून दिली. त्यातून झालं 'शी वेग, शी वोर', त्याची पहिली चाल. शी म्हणजे आपण ज्याला परी म्हणू ते, पण परी म्हटलं की पंख आणि चांदणीची काठी डोळ्यांसमोर येते म्हणून मला तो शब्द नको वाटतो, हे टेकडीच्या पोटात राहणारे लोक, हरल्यावर जमिनीखाली गेलेले ते जुने देवच, यांच्या वाटेला जायचं नाही. आणि त्यांच्या लढाईवरची चाल ऐकाल तर इतकी संथ आणि गोड की लढाई कुठे झाली कळत नाही. ती सुद्धा एका आणखी जुन्या चालीवरून घेतलेली आहे असं जाणकार सांगतात. आज हार्प शिकणारं प्रत्येक पोर ती वाजवतं.

आता मधली दीडशे वर्षं उडी मारते, कारण मला बँडकडे यायचंय.

ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या वायव्येकडच्या केल्टिक प्रांतात, झॉर्ड कॉशव्हेलू नावाच्या माणसाने १९५३ मध्ये जुन्या ब्रेटन हार्पचं नवं रूप घडवलं आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात दिलं. तो मुलगा म्हणजे ॲलन स्टिव्हेल. १९७२ मध्ये त्याने पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरात हार्प, बोंबार्ड (सनईसारखं ब्रेटन वाद्य) आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र वाजवलं आणि आख्ख्या फ्रान्सला केल्टिक वेड लागलं. त्यातलं एक गाणं 'त्री मार्तोलोद', तीन खलाशी, साधं खलाशांचं गाणं, त्यात देव नाही धर्म नाही. हे गाणं लक्षात ठेवा.

तिकडे डब्लिनमध्ये हॉर्सलिप्स हा रॉक बँड. यांनी १९७३ मध्ये 'द ताइन' नावाचा पूर्ण अल्बम काढला, कूलीच्या बैलाच्या लुटीच्या जुन्या आयरिश गोष्टीवर. ती गोष्ट सुरू कशी होते माहितीये? राणी मेव आणि तिचा नवरा अलिल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कोणाची इस्टेट जास्त यावर वाद घालतात, सगळं मोजून बघतात, भांडी, दागिने, मेंढ्या, डुकरं, सगळं सारखं, फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त. झालं. त्या एका बैलाची बरोबरी करायला, अल्स्टरमधला तो कूलीचा बैल पळवायला, राणी सैन्य घेऊन जाते आणि समोर अल्स्टरचा एकटा योद्धा, कू हुलिन. हॉर्सलिप्सने याला इलेक्ट्रिक गिटार लावली, 'डेअर्ग डूम' या गाण्याचं ते प्रसिद्ध रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) ओ'नीलच्या मार्च नावाच्या जुन्या चालीतून उचललंय, आणि तेच रिफ पुन्हा १९९० च्या वर्ल्ड कपला आयर्लंडच्या फुटबॉल टीमच्या गाण्यात वाजलं. पुराणातून स्टेडियममध्ये. मला वाटतं कू हुलिनला आवडलं असतं.

क्लॅनड या आयरिश बँडबद्दल मी थोडक्यात बोलते कारण त्यांच्यावरून माझी भांडणं झालीयेत. डॉनेगलच्या ग्वी डोर भागातलं एक कुटुंब, सुरुवातीचे आयरिश भाषेतले अल्बम अप्रतिम, आणि मग १९८४ मध्ये रॉबिन हूडच्या टीव्ही मालिकेसाठी 'लेजंड' केला, त्या मालिकेत हर्न हा शिंगांचा वनदेव जंगलातून धुक्यात चालत येतो. ते धुकं तेव्हापासून या संगीतातून हटलेलंच नाही. लेजंड चांगलाच आहे हो, पण त्याच्या नकला करणाऱ्यांनी नुसतं धुकं घेतलं आणि हर्नला सोडून दिलं.

आणि मग स्वित्झर्लंडचे एल्युव्हेटी. २००२ मध्ये क्रिगेल ग्लान्झमनने सुरू केलेला मेटल बँड, हर्डी-गर्डी (चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य), व्हिसल, आणि गुरगुरणारा आवाज. यांनी जे केलं ते योलो आणि बंटिंग दोघांना एका खोलीत बसवल्यासारखं आहे. गॉलच्या केल्ट लोकांची गॉलिश भाषा मेलेली, शेकडो वर्षांपूर्वी, पण शिशाच्या पत्र्यांवर खरडलेले मंत्र-शाप सापडलेत. फ्रान्समध्ये शमालिएरला एका झऱ्याच्या खोदकामात १९७१ मध्ये असा पत्रा मिळाला, त्यात मापोनोस देवाला हाक आहे आणि शेवटी 'लुगे देस्सुमीस' असे शब्द पुन्हा पुन्हा येतात, अर्थ काय यावर अभ्यासकांची अजून भांडणं आहेत. एल्युव्हेटीने २००९ च्या 'इव्होकेशन' अल्बममध्ये ते शब्द घेऊन गाणं केलं. ज्याचा अर्थ नक्की कोणालाच माहीत नाही ते गाणं हजारो लोक मैदानात उड्या मारत म्हणतात, आणि मला विचाराल तर मंत्राचं काम तेच.

त्यांचं त्याआधीचं, २००८ चं, सगळ्यात गाजलेलं गाणं 'इनिस मोना'. मोना म्हणजे वेल्सचं अँगलसी बेट, ड्रुइडांचं मोठं ठाणं, जे रोमनांनी इ.स. ६० च्या आसपास उद्ध्वस्त केलं. गाणं ड्रुइडांबद्दल, आणि चाल कोणती? त्री मार्तोलोद. तीन खलाशी! मी पहिल्यांदा ओळखली तेव्हा बसल्या जागी जोरात हसले होते. ब्रिटनीचं खलाशी गाणं, स्टिव्हेलने वर काढलेलं, स्विस पोरांनी ड्रुइडांना दिलं. आता कितीतरी लोकांना तीच ड्रुइडांची चाल वाटते, आणि अजून शंभर वर्षांनी तेच खरं असेल.

जे स्वतःला खरोखर पेगन मानतात, म्हणजे सण पाळतात, त्यांचं संगीत यापेक्षा बरंच घरगुती आहे. इंग्लंडमध्ये रॉस निकल्सने १९६४ मध्ये भाट आणि ड्रुइडांची एक संस्था काढली, त्या मंडळींतला डॅव्ह द बार्ड गिटार घेऊन माबिनोगीची एकेक शाखा अल्बम करून गातोय, मध्ये मध्ये गोष्ट सांगत. त्यात पुईल राजा घोड्यावरून रिअननचा पाठलाग करतो, ती संथ चालतीये तरी हा कितीही पळवो अंतर कमी होत नाही, शेवटी दमून हाक मारतो की बाई थांब, आणि ती म्हणते थांबते की, आधीच सांगितलं असतंस तर घोड्याचे हाल वाचले असते. त्यांचं आठ सणांचं वर्षचक्र पण १९५० च्या दशकात जुळवलेलं आहे, त्यातले चार आयर्लंडचे जुने सण खरे, साविन, इम्बोल्क, बेल्टेन, लूनासा. (साविन लिहितात असं की मी बरीच वर्षं समहेन म्हणत होते आणि कोणी टोकलं नाही.) एडिंबराच्या कॅल्टन हिलवर ३० एप्रिलच्या रात्री बेल्टेनची आग आणि ढोल असतात, तेही १९८८ पासून.

वेल्सची मारी लुइड तर बघाच कुठे मिळाली तर. भर हिवाळ्यात घोड्याची खरी कवटी काठीवर, खाली पांढरी चादर, जबडा खटखट वाजतोय, दारात येऊन गाण्यातून आत येऊ द्या म्हणतात आणि घरच्यांनी गाण्यातूनच नाही म्हणायचं, तिथल्या तिथे जुळवून, ज्याचं कडवं संपलं तो हरला, घोडा आत. हमखास पेगन वाटतं ना? लेखी उल्लेख मात्र १८०० सालचा पहिला.

शेवटी त्या रात्रीचा तो व्हिडिओ मी बंद केला आणि मला झोप येत नसली की जे लावायचं असतं तेच लावलं. 'पोर्त ना बूकी', भुतांची चाल. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लास्केट बेटं, तिथली माणसं १९५३ मध्ये सरकारने उठवून मुख्य जमिनीवर आणली, पण ही चाल त्याच्या आधीची. बेटावरच्या लोकांनी रात्री कुठूनतरी येणारा आवाज ऐकला आणि फिडलवर बसवला, पूकांनी, म्हणजे भुतांनी, दिला म्हणून नाव तसं. कोणी सांगतं घरात ऐकला, कोणी सांगतं नावेत. त्यांची नाव म्हणजे लाकडी पट्ट्यांवर डांबर फासलेलं कॅनव्हास ताणलेलं, एवढं पातळ की पाण्याखालचा आवाज थेट आत यावा. म्हणून हल्ली म्हणतात ते हम्पबॅक देवमासे असणार. चाल तशीच आहे, वर चढते, थांबते, घसरत खाली येते, ठेका असा नाहीच. पण देवमासे गातात हे जगाला समजलं रॉजर पेन या शास्त्रज्ञाच्या रेकॉर्डिंगनंतर, १९७० च्या आसपास. त्या रात्री होडीत बसलेल्या माणसाला खालून कोणीतरी गातंय हे ऐकू आलं, तेव्हा पूका सोडून दुसरं कोणाचं नाव त्याने घ्यायचं होतं?